बिनचिठ्ठीचं ऑर्किड

भोसरीतल्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये लेथवर तयार झालेलं बुशसुद्धा चाकणच्या कारखान्यात शिरतं ते पार्ट नंबर, बॅच नंबर आणि तपासणीचा टॅग घेऊनच. टॅग नसेल तर माल कितीही बिनचूक असो, तो वेगळा काढून ठेवतात. उद्या गाडीत बिघाड निघाला तर तो तुकडा कोणत्या मशीनवर, कोणत्या पाळीत, कोणत्या लॉटच्या सळईतून झाला, इथपर्यंत मागे जाता आलं पाहिजे, हा या पट्ट्याचा रोजचा शिरस्ता आहे. आणि याच पट्ट्यात दिवाळीला, नव्या प्लांटच्या उद्घाटनाला, कुणाच्या बढतीला किंवा निवृत्तीला एक जिवंत वस्तू हातोहात फिरते, जिच्यावर कसलीही चिठ्ठी नसते: चिनी मातीच्या कुंडीतलं, सेलोफेनमध्ये गुंडाळलेलं, वाकलेल्या दांडीवर सात-आठ फुलं धरलेलं ऑर्किड.

ऑर्किड भेट देण्याची रीत आपल्याकडे जुनी नाही. आपण हार, गुच्छ, श्रीफळ देणारे लोक. जपानमध्ये मात्र नवं कार्यालय किंवा दुकान उघडलं की पांढऱ्या फॅलेनॉप्सिसची कुंडी पाठवणं हा व्यवहाराचाच भाग आहे. एका कुंडीतून तीन दांड्या झऱ्यासारख्या खाली झुकलेल्या, हा तिथला ठरलेला थाट. चाकण, तळेगाव, रांजणगाव भागात जपानी, कोरियन, जर्मन कंपन्या आल्या, आणि स्वागतकक्षातल्या टेबलावर निशिगंधाच्या जोडीला ही कुंडीही दिसू लागली. तिथून ती निगडी-प्राधिकरणातल्या, वाकड-रावेतच्या सोसायट्यांमधल्या घरांत पोहोचली.

घरात आल्यावर दोन प्रश्न निघतात. हे कुठलं ऑर्किड? आणि याला पाणी किती घालायचं? वरवर वेगळे वाटले तरी दुसऱ्याचं उत्तर पहिल्यात दडलेलं असतं. ऑर्किड हे एका झाडाचं नाव नाही. ते पंचवीस हजारांहून अधिक जातींचं अवाढव्य कुळ आहे. त्यात झाडावर लटकणारी आहेत, खडकाला चिकटणारी आहेत, आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर पावसाळ्यात जमिनीतून उगवून दिवाळीपर्यंत कंदात परतणारी आहेत. एकाला थंडीत कोरडं ठेवलं नाही तर ते फुलत नाही, आणि दुसऱ्याला तसंच कोरडं ठेवलं तर ते मरतं. म्हणून ओळख पटवणं हा हौसेचा मामला नाही, रोप जगवण्याची ती पहिली पायरी आहे.

या ओळखीला दोन मजले आहेत. खालचा मजला म्हणजे प्रजाती: हे फॅलेनॉप्सिस आहे, डेंड्रोबियम आहे, की व्हांडा? इथे कुणीही सामान्य माणूस पंधरा मिनिटांत, हातात भिंग असो वा नसो, पोहोचू शकतो. वरचा मजला म्हणजे त्या विशिष्ट संकराचं नोंदलेलं नाव. चिठ्ठी हरवलेल्या रोपाच्या बाबतीत त्या मजल्याचा जिना बहुतेक वेळा कायमचा मोडलेला असतो. हा फरक समजला की बरीच निष्फळ धडपड वाचते.

सुरुवात फुलापासून करू नका. फूल डोळ्यांत भरतं, पण फसवतंही तेच. आधी रोपाचा देह पाहा. कुंडी खरं तर एकच आहे का, तेही बघा. तीन दांड्यांच्या कुंडीत बहुधा तीन वेगवेगळी रोपं प्लास्टिकच्या आपापल्या पारदर्शक कुंड्यांसकट खेटून बसवलेली असतात आणि वरून शेवाळ पसरून सांधा झाकलेला असतो. शेवाळ उचला, आतली कुंडी बाहेर काढा. बाहेरच्या शोभेच्या कुंडीला तळाशी भोक नसतं. तिथे साचलेलं पाणी हे भेट आलेल्या ऑर्किडांच्या मरणाचं पहिलं कारण आहे. आतल्या कुंडीच्या तळाला किंवा कडेला कधीकधी एखादा छोटा छापील आकडा सापडतो. तो जपून लिहून ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आता वाढीची रीत पाहा. ऑर्किडांत वाढीच्या दोन मुख्य तऱ्हा आहेत. एक तऱ्हा एकाच शेंड्याची: मधोमध एक वाढणारं टोक, त्यातून डावीकडे एक पान, उजवीकडे एक पान, असं वर्षानुवर्षं वरच चढत जाणं. फॅलेनॉप्सिस आणि व्हांडा या तऱ्हेचे. दुसरी तऱ्हा आडवं सरकण्याची: दरवर्षी जुन्या खोडाच्या पायथ्याशी नवा कोंब येतो, तो वाढून जाड होतो, फुलतो, थांबतो आणि पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी आणखी एक. डेंड्रोबियम, ऑन्सिडियम, कॅटलेया, सिंबिडियम हे सगळे या रांगेतले. या जाड झालेल्या खोडात ते पाणी साठवतात. कुंडीत उसाच्या कांड्यांसारख्या उभ्या कांड्या दिसल्या तर ते डेंड्रोबियम असण्याची शक्यता फार मोठी. चपटे, अंड्याच्या आकाराचे हिरवे कंद आणि त्यांच्या बगलेतून निघालेली फाटेफाटे असलेली दांडी, त्यावर नाचणाऱ्या बाईच्या घेरासारखी पिवळी चिमुकली फुलं, हे ऑन्सिडियम. जाड कांडीच्या टोकावर एकच किंवा दोनच चामडी पानं आणि फूल तळहाताएवढं, सुवासिक, झालरीच्या ओठाचं, तर कॅटलेया. गवतासारखी लांब पात्यांची झुपकेदार वाढ असेल तर सिंबिडियम. ते आपल्या ईशान्येकडच्या डोंगरांतलं थंडीप्रेमी घराणं आहे. पुण्याच्या उष्ण रात्रींत ते पानं देतं, पण फुलायला कुरकुरतं. लाकडी किंवा प्लास्टिकच्या उघड्या टोपलीत मातीविना, हातभर लांब मुळं हवेत सोडून लटकत असेल तर व्हांडा किंवा तिचा एखादा संकर.

चार-सहा जाड, रुंद, जिभेच्या आकाराची पानं बुंध्याशी एकमेकांवर बसलेली, कंद नाही, कांडी नाही, मुळं जाड आणि कुंडीबाहेर भटकणारी, असं असेल तर ते फॅलेनॉप्सिस. भेट म्हणून येणाऱ्या कुंड्यांत सर्वाधिक तेच असतं. त्या मुळांवर ओल्या हाताने बोट फिरवा. कोरडी असताना रुपेरी दिसणारी ती पाणी पडताच हिरवी होतात. वरचा राखाडी थर मृत पेशींचा स्पंजासारखा पापुद्रा असतो. तो पाणी शोषतो आणि पारदर्शक होऊन आतलं हिरवं दाखवतो. म्हणजे पाणी कधी घालायचं हे पारदर्शक कुंडीतली मुळंच सांगतात, हिरवी असतील तर थांबा. मला हे ऑर्किडचं सर्वात उपकारक वैशिष्ट्य वाटतं.

मग फूल. ऑर्किडचं कुठलंही फूल घ्या, त्यात बाहेरचे तीन आणि आतले तीन असे सहा भाग असतात. आतल्या तिघांपैकी एक वेगळा घडलेला असतो, त्याला ओठ म्हणतात. त्यावर कीटक उतरतो. पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन मधे एक छोटा खांब बनलेला असतो, आणि त्याच्या टोकाशी टोपीखाली परागकण भुकटीसारखे न राहता घट्ट गोळ्यांच्या रूपात बसलेले असतात. अनेक ऑर्किडांत ओठ कळीत वरच्या बाजूला असतो. फूल उमलताना देठ एकशे ऐंशी अंशांत पिळून तो खाली आणतो. हातातल्या फुलाच्या देठावर हा पीळ बऱ्याचदा स्पष्ट दिसतो.

सर्वात जास्त घोटाळा होतो तो फॅलेनॉप्सिस आणि फॅलेनॉप्सिससारखं दिसणारं डेंड्रोबियम यांच्यात. दुसऱ्याचं मूळ ऑस्ट्रेलियातलं डेंड्रोबियम बिगिबम, क्वीन्सलँड राज्याचं मानाचं फूल. त्याच्या एका रूपाला जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी डेंड्रोबियम फॅलेनॉप्सिस असंच नाव दिलं होतं, इतकी ही फुलं एकमेकांसारखी. गुलटेकडीच्या फूलबाजारात आणि लग्नांच्या सजावटीत जी जांभळी-पांढरी दुरंगी फुलं दिसतात ती याच घराण्याच्या संकरांची, त्यांतलं सर्वात प्रसिद्ध डेंड्रोबियम सोनिया. थायलंडने ते जगभर नेलं. ओळखायची खूण फुलाच्या मागे आहे. फूल बाजूने धरा. डेंड्रोबियमच्या ओठाच्या मागे, देठाला चिकटून, हनुवटीसारखा एक छोटा फुगवटा मागे निघालेला असतो. फॅलेनॉप्सिसला तशी हनुवटी नसते. उलट त्याच्या मोठ्या पांढऱ्या फुलांच्या ओठाच्या टोकाला दोन बारीक मिशा असतात. आणि परागगोळ्या मोजण्याइतकी नजर असेल तर फॅलेनॉप्सिसमध्ये दोन, डेंड्रोबियममध्ये चार. पण कांडी पाहिली की मोजण्याची गरजच उरत नाही, म्हणून तर आधी देह पाहायला सांगितलं.

चूक झाली तर काय होतं? पुणे-पिंपरीच्या हवेत याचं उत्तर लगेच मिळतं. कांडीभर गाठीगाठींवर फुलणारं डेंड्रोबियम नोबिलेच्या वळणाचं रोप हिवाळ्यात पानं गाळतं आणि तेव्हा त्याला जवळजवळ उपाशी ठेवावं लागतं. ते मेलं समजून कुणी भरपूर पाणी घातलं तर कांड्या सडतात किंवा फुलांऐवजी त्यांवर पिल्लं धरतात. फॅलेनॉप्सिसला पाणी साठवायला जाड कांडी नाही, असतात ती फक्त पानं आणि मुळं. त्याला तसा उपास घडवला तर पानं चामड्यासारखी सुरकुततात. व्हांडाची मुळं कुंडीत कोंबून वर कोकोपीट भरलं तर ती श्वास कोंडून कुजतात. मार्च ते मे या महिन्यांत आपल्याकडची हवा कोरडी आणि कडक तापलेली असते. ज्या सोसायट्यांना तेव्हा टँकर किंवा बोअरवेलवर राहावं लागतं त्यांच्या पाण्यात क्षार फार असतात आणि मुळांवर पांढरी पूड धरते. पावसाळ्यात गच्चीवर साठवलेलं पाणी त्यासाठी सोन्यासारखं. उलट आपला हिवाळा फॅलेनॉप्सिसला पथ्यावर पडतो. तापमान पंचविशीच्या खाली काही आठवडे राहिलं की त्याची फुलांची दांडी निघते, त्यामुळे दिवाळीनंतरच्या थंडीत खिडकीशी ठेवलेलं रोप संक्रांतीच्या सुमारास पानाच्या बगलेतून हिरवं बोट बाहेर काढतं. मुळाचं टोक गोल आणि गुळगुळीत असतं, दांडीचं टोक चपटं आणि खवल्याखवल्यांचं, एवढं लक्षात ठेवलं की वाट पाहणं सोपं होतं.

निळं ऑर्किड भेट आलं असेल तर शोध तिथेच थांबवा. दुकानात मिळणाऱ्या गडद निळ्या फॅलेनॉप्सिसच्या दांडीत रंग सोडलेला असतो. दांडीला खाली कुठेतरी छोटं भोक आणि ते बुजवल्याची खूण सापडेल. पुढच्या वर्षी तेच रोप पांढरं फुलतं. फॅलेनॉप्सिसमध्ये खरा निळा रंग आणण्याचं काम जपानच्या चिबा विद्यापीठातल्या संशोधकांनी केलं, त्यासाठी जनुक घेतलं ते कॉमेलिनाच्या एका जातीतून. आपल्या बांधाबांधावर पावसाळ्यात फुलणारा केना त्याच कॉमेलिनाचा सख्खा भाऊ. निळ्या व्हांडाची गोष्ट वेगळी. तिचं निळेपण ईशान्य भारतातल्या व्हांडा सेरुलियाकडून आलेलं असतं आणि ते अस्सल आहे.

इतकं झालं की खालचा मजला पूर्ण झाला. इथून पुढे लोक फोनवरच्या ॲपकडे वळतात. ॲप पांढऱ्या फुलाला बिनदिक्कत फॅलेनॉप्सिस ॲफ्रोडाइटी किंवा फॅलेनॉप्सिस अमाबिलिस म्हणतं. ही फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या बाजूच्या रानातल्या जातींची नावं आहेत. कुंडीतलं रोप त्यांचं वंशज नक्की आहे, पण मधे डझनावारी पिढ्यांचे संकर झालेले आहेत. १९४० साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या ड्यूक फार्म्सने फॅलेनॉप्सिस डॉरिस नावाचा संकर नोंदवला. त्याच्यात गुणसूत्रांचे संच दुप्पट होते, म्हणून पाकळ्या जाड, रुंद आणि टिकाऊ. आजच्या मोठ्या पांढऱ्या आणि गुलाबी फॅलेनॉप्सिसांपैकी फार मोठ्या हिश्श्याच्या वंशावळीत हे रोप आढळतं. म्हणजे वंशाचा अंदाज करता येतो. पानांवर रुपेरी-काळपट चट्टे असतील तर शिलेरियाना किंवा स्टुअर्टियाना या जातींचा वारसा. फुलं छोटी आणि एका दांडीवर पुष्कळ, रोप बुटकं, तर इक्वेस्ट्रिसचं रक्त. दांडी कमान न करता सरळ उभी आणि रंग गर्द राणी, तर पूर्वी डोरायटिस म्हटल्या जाणाऱ्या जातीचा अंश. पण या खुणांवरून गोत्र सांगता येतं, नाव नाही.

का नाही, हे समजायला ऑर्किडच्या नावांची पद्धत पाहावी लागते. माणसाने केलेला पहिला ऑर्किड संकर १८५६ साली इंग्लंडमध्ये फुलला. जॉन डॉमिनी या माळ्याने व्हीच यांच्या रोपवाटिकेत तो केला, म्हणून नाव कॅलँथे डॉमिनी. असं सांगतात की तो पाहून जॉन लिंडली हे त्या काळचे ऑर्किडतज्ज्ञ म्हणाले की आता वनस्पतिशास्त्रज्ञांना वेड लागेल. त्यांची भीती खरी होती. रानातली जात शरीरावरून ओळखता येते, संकर तसा ओळखता येत नाही. म्हणून नोंदवही लागली. सँडर घराण्याने १९०६ मध्ये संकरांची यादी छापायला सुरुवात केली, आणि १९६१ पासून हे काम लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. तिच्या नोंदणीत आज लाखाहून अधिक संकर आहेत. प्रत्येक नोंद म्हणजे एक जोडी: ही आई, हा बाप. त्या जोडीपासून झालेल्या सगळ्या रोपांचं नाव एकच, दिसायला ती कितीही भिन्न असोत. आणि भिन्न आईबापांची दोन रोपं हुबेहूब सारखी दिसली तरी त्यांची नावं वेगळी.

इथे ऑर्किडच्या बियांची गंमत आड येते. एका फळात काही लाख बिया असू शकतात, धुळीइतक्या बारीक, आतमध्ये शिदोरी शून्य. रानात त्यांना विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच त्या रुजतात, हे फ्रान्सच्या नोएल बर्नार यांच्या लक्षात १८९९ मध्ये आलं. १९२२ मध्ये अमेरिकेच्या लुइस नडसन यांनी बुरशीला वगळून, साखर घातलेल्या जेलीवर बी रुजवून दाखवलं, आणि हजारो भावंडं एका बाटलीत वाढू लागली. ती भावंडं माणसांच्या भावंडांसारखीच, एकमेकांसारखी आणि तरी वेगळी. १९६० मध्ये जॉर्ज मोरेल यांनी शेंड्याच्या सूक्ष्म तुकड्यातून सिंबिडियमची रोगमुक्त प्रत तयार केली. तिथून एकाच निवडक रोपाच्या लाखो एकसारख्या प्रती काढण्याचा रस्ता खुला झाला. तुमच्या टेबलावरचं फॅलेनॉप्सिस बहुधा असंच, प्रयोगशाळेतल्या बाटलीतून निघालेलं, ट्रेमध्ये, मग कुंडीत दोन-तीन वर्षं वाढवलेलं असतं.

चिठ्ठी हरवते ती याच वाटेवर. ट्रेला एक लेबल असतं, प्रत्येक रोपाला नसतं. उत्पादक बहुतेकदा नोंदलेलं नाव वापरतच नाही, स्वतःचा सांकेतिक आकडा वापरतो. रोपाबरोबर आलेला तो छापील आकडा म्हणजे अनेकदा हेच. घाऊक व्यापाऱ्याला ‘पांढरी मोठी’ किंवा ‘गुलाबी लहान’ एवढंच पुरतं. शेवटी फुलवाल्याच्या दुकानात रोप सजवताना जो काही टॅग उरलेला असेल तो काढला जातो, कारण त्याच्यावर किंमत असते आणि भेटीवर किंमत दिसू नये अशी आपली रीत आहे. किंमत झाकताना वंशावळही कचऱ्यात जाते.

जनुकांची तपासणी करून नाव निघेल का? फॅलेनॉप्सिसच्या मूळ जाती ओळखता येतात, पण पन्नास-शंभर पूर्वजांच्या मिश्रणातून नेमकी कुठली जोडी जुळवली हे सांगायला प्रत्येक नोंदलेल्या संकराचा नमुना कुठेतरी जपलेला असावा लागेल. तसा तो नाही. नोंदवहीत लिहिलंय ते कागदावरचं नातं आहे. कागदाशी जोडणारा दोरा तुटला की रोपाच्या देहातून ते नातं परत वाचता येत नाही. म्हणूनच अनोळखी आईबाप असलेल्या रोपापासून केलेल्या संकराला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी नाव देत नाही. माझं ठाम मत आहे की अशा रोपावर ओढूनताणून एखादं देखणं नाव डकवणं हे टॅग नसण्यापेक्षा वाईट. ते खोटं नाव पुढे रोपाच्या पिल्लांबरोबर, मित्रांकडे दिलेल्या काड्यांबरोबर फिरत राहतं.

आणि नोंदवहीतली नावंही बदलत राहतात. जनुकांच्या अभ्यासातून नाती नव्याने कळली, तेव्हा ॲस्कोसेंट्रम ही अख्खी प्रजाती व्हांडात विरघळली, सोफ्रोनायटिस कॅटलेयात गेली, डोरायटिस फॅलेनॉप्सिसमध्ये. आजोबांच्या काळातल्या चिठ्ठीवरचं नाव आणि आजचं नाव जुळलं नाही तर दोन्ही बरोबर असू शकतात.

आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ, कारण ते टोक चाकणपासून दूर नाही. चाकण खेड तालुक्यात आहे, आणि त्याच खेड तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगर भीमाशंकर अभयारण्यात जातो, जे १९८५ मध्ये घोषित झालं. कारखान्यांच्या शेडपासून तिथल्या जांभळाच्या आणि आंब्याच्या फांद्यांवर वाढणाऱ्या आमरीपर्यंत, म्हणजे रानातल्या ऑर्किडपर्यंत, अंतर एका दिवसाच्या सहलीचं. उन्हाळ्याच्या शेवटी एरिडीसचे पांढरट-गुलाबी सुवासिक तुरे लोंबतात. हिवाळा सरताना डेंड्रोबियम बार्बाट्युलमच्या निष्पर्ण काड्यांवर पांढरी फुलं येतात. घाटात रस्त्याकडेला किंवा एखाद्या ओळखीच्या माणसाकडून ‘डोंगरातलं ऑर्किड’ म्हणून फांदीच्या तुकड्यासकट भेट मिळालं, तर ते यातलं असू शकतं.

अशा रोपाचं नाव मात्र सापडू शकतं, आणि इथे पुण्याचा एक जुना इंजिनिअर मदतीला येतो. थिओडोर कुक हे रेल्वेवर पूल बांधणारे इंजिनिअर. ते पुढे ज्या संस्थेचे प्राचार्य झाले ती आज सीओईपी म्हणून ओळखली जाते. चाकणच्या किती कारखान्यांत तिचे पदवीधर असतील! याच कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला, तो १९०१ ते १९०८ या काळात छापला गेला. त्यात प्रत्येक वनस्पतीपर्यंत दोन-दोन पर्यायांच्या पायऱ्यांनी जाता येतं: ओठाला मागे पोकळ शेपूट आहे की नाही, पानाचं टोक दुभंगलेलं आहे की अखंड, तुरा सरळ आहे की लोंबता. मग ब्लॅटर आणि मॅकॅन यांनी ती नोंद पुढे नेली, आणि १९६६ मध्ये सांतापाव आणि कापडिया यांचं मुंबई भागातल्या ऑर्किडांवरचं पुस्तक आलं. आजही अभ्यासक ते उघडतात. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे, आणि तिथल्या संग्रहात वाळवलेले, तारीख-जागा लिहिलेले नमुने आहेत. रानातल्या जातीचं नाव म्हणजे कुणा एका जोडप्याची नोंद नसून अनेक झाडांच्या देहात पुन्हा पुन्हा आढळणारी ठेवण असते, म्हणून ती तुलनेने पटवता येते.

पण हे नाव शोधताना एक गोष्ट मन घट्ट करून करावी लागते. अभयारण्यातून रोप उपटून आणणं कायद्याने मना आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निळी व्हांडा, लाल व्हांडा आणि पॅफिओपेडिलमच्या जातींना विशेष संरक्षण दिलं आहे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात तर अख्खं ऑर्किड कुळ येतं. वासाच्या, फुलांच्या मोहात फांदीसकट काढलेली आमरी पिंपरीच्या बाल्कनीत तिच्या बुरशीविना, तिच्या धुक्याविना सहसा दोन-तीन उन्हाळे काढत नाही. अशी भेट आली तर देणाऱ्याला रागावू नका, त्याला बहुधा माहीत नसतं. पण पुढच्या वेळी तिथल्या झाडाखाली उभं राहून फोटो काढू या, असं सांगा.

कुंडीतल्या रोपाकडे परत येतो. फुलं दोन-तीन महिने टिकतात आणि ओळखीचा निम्मा पुरावा त्यांच्याबरोबरच जातो, तेव्हा काम आताच करा. समोरून, बाजूने आणि मागून फुलाचे फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून. ओठाचा जवळून एक फोटो, त्याच्या मिशा किंवा हनुवटी दिसेल असा. पानाची लांबी-रुंदी, पानावर चट्टे आहेत का, दांडी कुठून निघाली, फुलं किती, वास सकाळी येतो की संध्याकाळी की येतच नाही, हे वहीत लिहा. गळलेलं एक फूल जाड पुस्तकात रद्दीच्या कागदात दाबून ठेवा. रंग उडेल, ठेवण राहील. मग टॅग लिहा: ‘फॅलेनॉप्सिस संकर, नाव अज्ञात, पांढरी, ओठ पिवळसर, तांबडे ठिपके, आकडा अमुक, दिवाळी अमुक साली भेट, चिंचवड.’ एवढ्यावर तुमचं रोप पुन्हा अनाथ होत नाही.

पुढे कधी एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात किंवा एखाद्या रोपवाटिकेत अगदी तसंच, नाव लावलेलं रोप दिसलं तर ते नाव लगेच उचलून टॅगवर चढवू नका. ‘अमुकसारखं दिसतं’ असं दुसऱ्या ओळीत लिहा आणि फोटोंची वही शेजारी ठेवून ओठ, मिशा, पानांचे चट्टे, पाकळ्यांची रुंदी ताडून पाहा. आकडाही जुळला तर मात्र बोलायला जागा आहे. टॅग पेनाने नव्हे, शिसपेन्सिलने लिहा. बॉलपेनची आणि मार्करची शाई पुण्याच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत उडते, शिसं टिकतं. एक टॅग कुंडीत बुंध्याशी खोलवर खोचा आणि दुसरा तारेने बांधून बाहेरच्या कुंडीच्या कानाला अडकवा, म्हणजे कुंडी बदलताना एक पडला तरी दुसरा सोबत राहतो.